अणुऊर्जाविषयक वाद, महाराष्ट्रातील

अणुऊर्जाविषयक वाद, महाराष्ट्रातील : अणुकेंद्राच्या भंजनातून (फुटण्यातून) मिळणाऱ्या उष्णतेवर वीज निर्माण करावी किंवा नाही, करावयाची तर कोठे, कोणत्या अटींवर व कोणाच्या संमतीने, या प्रश्नांवर महाराष्ट्रात शास्त्रज्ञ, शासन, परिसररक्षणाचे कार्यकर्ते आणि प्रकल्पक्षेत्रातील रहिवासी यांच्यात झालेली सार्वजनिक चर्चा व तीतून उद्भवलेल्या चळवळी. भारतातील अणुसंशोधनाचा आरंभ व पहिले अणुवीज केंद्र ही दोन्ही महाराष्ट्रातील असल्यामुळे या वादाचा इतिहासही येथे इतर राज्यांच्या मानाने दीर्घ आहे. त्याचे स्थूलमानाने तीन कालखंड पडतात. पहिल्या कालखंडात (१९४८–७४) अणुऊर्जा हे राष्ट्रीय स्वावलंबनाचे प्रतीक मानले जात होते व विरोधाचा सूर क्वचितच उमटला. दुसऱ्यात (१९७४–२०१०) सुरक्षितता, विस्थापन व परिसर यांविषयीचे आक्षेप क्रमाने पुढे आले. जैतापूर प्रकल्पाच्या निमित्ताने सुरू झालेल्या तिसऱ्या कालखंडात या आक्षेपांच्या जोडीला हवामानबदलाचा प्रश्न आला आणि दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांची मांडणीच बदलली. वादाचे रणक्षेत्र कोकण किनारा हे असले, तरी राज्याची औष्णिक वीज मुख्यत्वे विदर्भात निर्माण होत असल्याने त्या प्रदेशाचा विचार केल्याशिवाय वादाचे स्वरूप पूर्णपणे लक्षात येत नाही.

पार्श्वभूमी : होमी भाभा यांच्या प्रेरणेने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ साली, अणुऊर्जा अधिनियम संमत होऊन अणुऊर्जा आयोगाची नेमणूक करण्यात आली. तुर्भे येथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १९४८ च्या विधेयकावरील चर्चेत एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी त्यातील गोपनीयतेच्या तरतुदींस हरकत घेतली होती व ब्रिटनमधील कायद्याशी त्यांची तुलना केली होती. तथापि १९६२ च्या अधिनियमातही गोपनीयतेचे तत्त्व कायम राहिले. अणुऊर्जा खाते हे प्रथमपासून थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत असल्यामुळे त्याच्या निर्णयांची इतर खात्यांप्रमाणे उघड छाननी होत नसे. पुढील सर्व वादात माहिती न मिळाल्याची जी तक्रार वारंवार आढळते, तिचे मूळ या रचनेत आहे.

या काळातील एक लक्षणीय अपवाद म्हणजे गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) हे होत. ते स्वतः टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. परंतु भारतासारख्या उष्ण कटिबंधीय देशाने महागड्या अणुभट्ट्यांऐवजी सौर ऊर्जेच्या संशोधनावर भर द्यावा, असे मत त्यांनी मांडले. जागतिक शांतता चळवळीशीही त्यांचा निकटचा संबंध होता. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा सेवाकरार पुढे वाढविला नाही. त्यांच्या प्रतिपादनाचा धोरणावर परिणाम झाला नाही. तथापि अणुऊर्जा की सौर ऊर्जा, हा जो पर्याय पुढे पन्नास वर्षांनी सर्वतोमुखी झाला, तो महाराष्ट्रात प्रथम त्यांनी स्पष्टपणे मांडला.

तारापूर : अमेरिकेशी १९६३ मध्ये झालेल्या करारानुसार तत्कालीन ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यातील तारापूर येथे जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या साहाय्याने दोन उत्कलन-जल अणुभट्ट्या उभारण्यात आल्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्यांपासून व्यापारी प्रमाणावर वीजपुरवठा सुरू झाला. प्रत्येक भट्टीची मूळ क्षमता २१० मेवॅ. होती; ती पुढे १६० मेवॅ. पर्यंत उतरविण्यात आली. मुंबईच्या उत्तरेस सु. १०० किमी. वर असलेल्या या केंद्राच्या जागेबाबत त्या वेळी फारशी सार्वजनिक चर्चा झाली नाही. येथील वीज दीर्घकाळ देशातील स्वस्त विजेत गणली जात होती आणि अणुवीजेच्या समर्थकांनी हे उदाहरण नेहमीच पुढे ठेवले.

मे १९७४ मधील पोखरणच्या चाचणीनंतर अमेरिकेने तारापूरच्या इंधनपुरवठ्यात अडचणी निर्माण केल्या व अखेर १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची व्यवस्था झाली. वापरलेल्या इंधनावर पुनःप्रक्रिया करण्यास अमेरिकेची संमती न मिळाल्याने ते केंद्राच्या आवारातच साठवावे लागले. परदेशी तंत्रावर उभारलेल्या केंद्राचे इंधन व अवशिष्ट पदार्थ हे दोन्ही आंतरराष्ट्रीय राजकारणाशी बांधलेले राहतात, हा धडा यातून मिळाला. समर्थकांनी त्यावरून देशी तंत्राचा आग्रह धरला, तर टीकाकारांनी अणुवीजेच्या स्वावलंबी स्वरूपाविषयीच शंका घेतली.

तारापूर येथे देशी बनावटीच्या ५४० मेवॅ. क्षमतेच्या आणखी दोन भट्ट्या २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. त्यांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. पुनर्वसित वसाहतींतील उणिवा, नोकऱ्या आणि समुद्रावर जाण्याच्या वाटा यांविषयीची विस्थापितांची गाऱ्हाणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. कोकणातील पुढील विरोधाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली. कारण अणुकेंद्राविषयी मत बनविताना माडबन व नाटे येथील लोकांपुढे पुस्तकी माहितीबरोबरच तारापूरच्या शेजाऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता. जुन्या दोन भट्ट्या २०२० मध्ये दीर्घ दुरुस्तीसाठी थांबविण्यात आल्या.

परिसर चळवळीचा उदय : अमेरिकेतील थ्री माइल आयलंड (२८ मार्च १९७९) व तत्कालीन सोव्हिएट संघातील चेर्नोबिल (२६ एप्रिल १९८६) येथील अपघातांमुळे अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेचा प्रश्न जगभर चर्चेत आला. भारतात या दोहोंच्या दरम्यान, डिसेंबर १९८४ मध्ये, भोपाळची वायुदुर्घटना घडली. ती अणुकेंद्राशी संबंधित नव्हती. तथापि धोकादायक उद्योगाच्या शेजारी राहणाऱ्यांना पूर्वसूचना मिळत नाही आणि अपघातानंतर नुकसानभरपाईची जबाबदारी निश्चित होत नाही, ही तिची शिकवण भारतीय अणुवादावर कायमचा ठसा उमटवून गेली. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले होते. परंतु ते अणुऊर्जा आयोगाच्याच छत्राखाली असल्यामुळे नियंत्रक व नियंत्रित यांत पुरेसे अंतर नाही, असा आक्षेप घेतला जाई. १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. १९८७ साली गुजरातमधील वेडछी येथून सुरेंद्र गाडेकर व संघमित्रा गाडेकर यांनी ‘अणुमुक्ती’ हे नियतकालिक सुरू केले. गांधीवादी विचार व वैज्ञानिक पाहणी यांची सांगड घालणारे हे नियतकालिक देशातील अणुविरोधी गटांचे मुखपत्रच बनले.

कोकणात याच सुमारास मोठ्या उद्योगांविषयीचा अविश्वास वाढत होता. रत्नागिरी येथील स्टरलाइट कंपनीचा ताम्रप्रकल्प १९९३ मध्ये स्थानिक विरोधामुळे थांबला व तो नंतर तमिळनाडूतील तुतिकोरिन येथे उभारण्यात आला. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प १९९२ मधील प्राथमिक करारापासूनच वादग्रस्त ठरला. त्याची वीज महाग पडत असल्याने राज्य वीज मंडळ अडचणीत आले व २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. परदेशी कंपनी, वाटाघाटीने ठरलेला व सार्वजनिक न केलेला करार आणि विजेचा चढा दर या तीन गोष्टी दाभोळमुळे कोकणाच्या स्मरणात एकत्र बांधल्या गेल्या. पुढे जैतापूरच्या वेळी या स्मृतीचा उल्लेख सतत होत राहिला.

जैतापूर प्रकल्प : रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यातील माडबन येथील जागेस केंद्र शासनाने २००५ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. शेजारच्या खाडीवरील जुन्या बंदराच्या नावावरून प्रकल्पास जैतापूर हे नाव पडले असले, तरी प्रत्यक्ष जागा माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली व वरीलवाडा या गावांच्या हद्दीत असून तिचे क्षेत्र सु. ९३८ हेक्टर आहे. भारतीय अणुवीज महामंडळाने (स्थापना १९८७) येथे फ्रेंच बनावटीच्या, प्रत्येकी १,६५० मेवॅ. क्षमतेच्या सहा दाबित-जल अणुभट्ट्या उभारण्याचे योजिले. एकूण ९,९०० मेवॅ. क्षमतेचे हे केंद्र पूर्ण झाल्यास जगातील सर्वांत मोठ्या अणुवीज केंद्रांत त्याची गणना होईल.

भूसंपादन १८९४ च्या कायद्याखाली करण्यात आले. शासकीय कागदपत्रांत येथील कातळाचा सडा मुख्यत्वे पडीक म्हणून नोंदला गेला. उलट गावकऱ्यांचे म्हणणे असे, की सड्यावर पावसाळ्यात भात व गवत होते, गुरे चरतात आणि उतारांवर हापूस आंबा व काजू यांच्या बागा आहेत. जमिनीच्या उपयोगाविषयीचा हा मतभेद मोबदल्याच्या रकमेइतकाच कारणीभूत ठरला. बहुसंख्य खातेदारांनी प्रारंभी धनादेश नाकारले. जनहित सेवा समिती, कोकण विनाशकारी प्रकल्पविरोधी समिती इ. संघटनांनी विरोधाचे नेतृत्व केले. माजी न्यायमूर्ती पी. बी. सावंत व बी. जी. कोळसे-पाटील यांच्यासारख्या व्यक्तींनी त्यास पाठिंबा दिला. राजकीय पक्षांपैकी शिवसेनेने प्रकल्पास विरोध केला, तर त्या वेळचे राज्य व केंद्र शासन त्याच्या बाजूस होते.

परिसरावरील परिणामांचा अहवाल नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केला. त्यावरील जाहीर सुनावणी १६ मे २०१० रोजी माडबन येथे झाली. अहवालाची मराठी प्रत ग्रामपंचायतींना पुरेशी आधी मिळाली नाही, ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटी घालून प्रकल्पास परवानगी दिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांच्या भारतभेटीत, पहिल्या दोन भट्ट्यांसंबंधी अरेवा कंपनीशी करार झाला. परवानगी व भेट यांच्या जवळिकीवरून निर्णय अगोदरच ठरला होता, असा समज दृढ झाला. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी २०११ च्या प्रारंभी शास्त्रज्ञांच्या उपस्थितीत चर्चा घडवून आणल्या. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी मराठीतून प्रकल्पाची बाजू मांडली. अणुशास्त्रज्ञांनी सामान्य जनतेला तिच्या भाषेत उत्तर देण्याचा महाराष्ट्रातील हा पहिलाच मोठा प्रसंग म्हणता येईल. मात्र तो भूसंपादनानंतर आला.

११ मार्च २०११ रोजी जपानमधील भूकंप व त्सुनामी यांमुळे फुकुशिमा येथील अणुकेंद्रात गंभीर अपघात झाला व दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. समुद्रकाठच्या केंद्राचे हे चित्र दूरचित्रवाणीवरून कोकणात घरोघर पोहोचले. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे निदर्शकांवर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मरण पावला. त्यानंतर आठवड्याच्या आत काढण्यात आलेली तारापूर ते जैतापूर यात्रा पोलिसांनी अडविली. २०१३ मध्ये राज्य शासनाने हेक्टरी २२.५ लाख रु. इतके वाढीव अर्थसाहाय्य जाहीर केल्यावर पुष्कळ जमीनधारकांनी ते स्वीकारले. मच्छीमारांचा विरोध मात्र टिकून राहिला. कारण समुद्रावर सातबारा नसल्याने नाटे येथील मच्छीमार भूसंपादनाच्या हिशेबात कोठेच येत नव्हता.

वादातील प्रमुख मुद्दे : (१) भूकंपप्रवणता : प्रकल्पास मंजुरी मिळाली तेव्हाच्या मानकानुसार प्रकल्पाची जागा भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना येथे झालेल्या भूकंपाची आठवण प्रदेशात ताजी होती. २०११ मध्ये रॉजर बिल्हम व विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून, जैतापूरच्या आसपास सु. ६ महत्तेचा भूकंप होण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे प्रतिपादन केले. जागेखाली सक्रिय विभंग नाही व भट्टीची रचना अपेक्षित धक्क्यांना पुरेशी आहे, असे महामंडळाचे उत्तर होते.

(२) समुद्रातील जीवसृष्टी : दाबित-जल भट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सु. एक-तृतीयांशाचेच विजेत रूपांतर होते. उरलेली उष्णता शीतक पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. सहा भट्ट्यांसाठी दररोज सु. ५,२०० कोटी लिटर समुद्राचे पाणी लागेल व ते काही अंशांनी अधिक उष्ण होऊन परत सोडले जाईल, असा अंदाज होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने परिसरातील खाड्या, कांदळवने व सागरी जीव यांच्या विविधतेकडे लक्ष वेधले. उष्ण पाणी खोल समुद्रात नेऊन सोडल्यास तापमानवाढ मर्यादित क्षेत्रापुरती राहते, हे समर्थकांचे म्हणणे होते. सुरक्षा क्षेत्रामुळे होड्यांच्या वाटा बंद होतील, ही मच्छीमारांची भीती मात्र तापमानाच्या गणिताने दूर होणारी नव्हती.

(३) अपघातोत्तर दायित्व : २०१० च्या अणुहानी नागरी दायित्व अधिनियमाने केंद्र चालविणाऱ्या संस्थेचे दायित्व १,५०० कोटी रु. पर्यंत ठरविले. सदोष सामग्रीबाबत पुरवठादाराकडून वसुली करण्याचा अधिकारही त्यात होता. भोपाळच्या अनुभवामुळे संसदेने हा अधिकार आग्रहाने घातला होता. परदेशी कंपन्यांनी त्यास सतत हरकत घेतली व करार लांबण्याचे ते एक कारण झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ व २०१० हे दोन्ही अधिनियम रद्द करणारा नवा कायदा संमत केला. त्याने खाजगी कंपन्यांना अणुवीजनिर्मितीचा मार्ग मोकळा केला, नियामक मंडळास वैधानिक दर्जा दिला आणि पुरवठादाराविषयीची वरील तरतूद वगळली.

(४) खर्च व कालावधी : जैतापूरसाठी निवडलेल्या प्रकारच्या भट्ट्यांचा अनुभव टीकाकारांना अनुकूल ठरला. फिनलंडमधील ओल्किलुओटो येथील भट्टीचे काम २००५ मध्ये सुरू झाले व नियमित वीजनिर्मिती २०२३ मध्ये. फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथील भट्टी २००७ मध्ये हाती घेतली गेली. ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्यास जोडली गेली आणि तिचा खर्च मूळ ३.३ अब्ज यूरोंच्या चौपटीजवळ पोहोचला. चीनमधील ताइशान येथील दोन भट्ट्या मात्र २०१८ व २०१९ मध्ये सुरू झाल्या. अरेवा कंपनी आर्थिक अडचणीत आल्याने तिचा भट्टीविषयक व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीकडे गेला. तिच्याशी मार्च २०१८ मध्ये नवा करार झाला व एप्रिल २०२१ मध्ये तिने सहा भट्ट्यांचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव सादर केला. विजेचा दर हा या वाटाघाटींतील कळीचा मुद्दा राहिला.

हवामानबदल व वादाचे नवे स्वरूप : १९९२ मध्ये हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय करार झाला, तेव्हा अणुऊर्जेला त्यात विशेष स्थान नव्हते. भारताने जून २००८ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृति-आराखड्यातील आठ अभियानांत सौर ऊर्जेचा समावेश होता, अणुऊर्जेचा नव्हता. जैतापूरच्या मंजुरीच्या काळापासून मात्र कार्बनमुक्त वीज हा समर्थकांचा मुख्य युक्तिवाद बनला. त्यास भक्कम आधार आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालानुसार खाणीपासून विल्हेवाटीपर्यंतचा सर्व हिशेब धरता एका युनिट विजेमागे कोळशापासून सु. ८२० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पांपासून सु. ४८ ग्रॅम आणि अणुवीज व पवनवीज यांपासून सु. १२ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड (किंवा त्याच्या तुल्य वायू) बाहेर पडतो. जैतापूरचे केंद्र वर्षभर ८०% क्षमतेने चालले, तर सु. ६,९०० कोटी युनिटे वीज मिळेल. तेवढी वीज कोळशावर केल्यास वरील प्रमाणानुसार सु. ५.६ कोटी टन अधिक वायू वातावरणात जाईल.

विरोधकांचे उत्तर मुख्यतः काळाविषयीचे आहे. जागेला मान्यता मिळाल्यापासून वीस वर्षांत, म्हणजे २०२५ अखेरपर्यंत, जैतापूर येथे प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालेले नव्हते. याच अवधीत सौर विजेचा दर झपाट्याने उतरून मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथील लिलावात युनिटमागे २.४४ रु. झाला. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १ लाख मेवॅ. च्या पलीकडे गेली, तर त्या वर्षी अणुवीजेची क्षमता सु. ८,८०० मेवॅ. असून एकूण वीजनिर्मितीत तिचा वाटा सु. ३% होता. यावर समर्थक असे दाखवून देतात, की सूर्यास्तानंतरची गरज भागविण्यास साठवणीची व्यवस्था लागते व तिचा खर्च सौर दरात धरलेला नसतो. शिवाय समान विजेसाठी सौर प्रकल्पांना बरीच अधिक जमीन लागते. दोन्ही बाजूंच्या या विधानांत तथ्य आहे. जगातही एकमत नाही. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या, तर त्याच वर्षाच्या अखेरीस दुबई येथील परिषदेत वीसहून अधिक राष्ट्रांनी २०५० पर्यंत अणुवीज तिप्पट करण्याचा संकल्प सोडला. भारत त्या वेळी या घोषणेत सामील झाला नाही. तथापि फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १ लाख मेवॅ. अणुवीजेचे उद्दिष्ट जाहीर करण्यात आले.

विदर्भ व कोळशाचा प्रश्न : किनाऱ्यावर अणुकेंद्र न झाल्यास वीज कोठून येते, या प्रश्नाचे आजवरचे उत्तर मुख्यत्वे विदर्भ हे आहे. चंद्रपूर (२,९२० मेवॅ.), कोराडी, खापरखेडा, पारस व तिरोडा (३,३०० मेवॅ.) येथील औष्णिक केंद्रे राज्याच्या विजेचा मोठा भाग पुरवितात. राख, धूर व पाण्याचा उपसा यांचा भार त्या त्या परिसरावर पडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत चंद्रपूरचा समावेश देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाला. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील औष्णिक केंद्रास ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून आंदोलन झाले. तरीही कोळशाविरुद्ध अणुविरोधासारखी राज्यव्यापी चळवळ उभी राहिली नाही. कोळशाची हानी संथ व रोजची असते, तर अणु-अपघाताची शक्यता अल्प परंतु परिणाम प्रचंड असतो. लोकमत दुसऱ्या प्रकारच्या धोक्याने अधिक हालते. शिवाय खाणी व केंद्रे यांवर हजारो कुटुंबांचा रोजगार अवलंबून आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा या तालुक्याच्या ठिकाणाचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंदमापी लोहमार्गावरील हे स्थानक. या मार्गावरील ‘शकुंतला’ गाडी १९२१ साली मँचेस्टर येथे बनविलेल्या वाफेच्या एंजिनावर, म्हणजे कोळशावर, १९९४ पर्यंत धावत होती. जिल्ह्याच्या पूर्वेकडील वणी परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. असे असूनही २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत विदर्भातील ग्रामीण भाग दिवसाचे कित्येक तास अंधारात असे, व वीज येथे आणि दिवे अन्यत्र, ही तक्रार प्रादेशिक असंतोषाचा भाग बनली. दुसरीकडे येथील कापूस, सोयाबीन व तूर ही पिके बहुतांशी पावसावर अवलंबून आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पेरणीनंतर पावसाने दिलेला दीर्घ खंड किंवा बोंडे फुटण्याच्या वेळी कोसळलेला पाऊस कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष बुडवू शकतो. हवामानबदलास तोंड देणाऱ्या शेतीसाठी २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविण्यात आलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळ जिल्ह्याचा समावेश झाला, तो याच कारणाने. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना हा कोळसा व अणू या दोहोंबाहेरचा पर्याय होय.

अशा रीतीने दारव्ह्याचा कोरडवाहू शेतकरी व नाटे येथील मच्छीमार हे एकाच हिशेबाच्या दोन टोकांस उभे आहेत. कोळसा जळत राहिल्यास पहिल्याची शेती अधिक अनिश्चित होते. तो थांबविण्यासाठी किनाऱ्यावर अणुकेंद्र उभारल्यास दुसऱ्याचा व्यवसाय धोक्यात येतो. वादात या दोघांची गाठ क्वचितच पडली. अणुविरोधी साहित्यात कोळशाने होणाऱ्या हानीला गौण स्थान मिळाले, तर अणुसमर्थक साहित्यात हवामानबदलाचा उल्लेख असला, तरी किनाऱ्यावरील उपजीविकेचा हिशेब मोबदल्याच्या रकमेपुरता राहिला.

मूल्यमापन : सु. पाऊणशे वर्षांच्या या वादात तांत्रिक मुद्दे बदलत गेले. इंधन व गोपनीयता यांची जागा भूकंप, सागरी जीवन व दायित्व यांनी घेतली आणि त्यांत पुढे कार्बनची भर पडली. निर्णय झाल्यानंतर संमती मागण्याची पद्धत मात्र कायम राहिली. जैतापूर येथे जागेची निवड, भूसंपादन, सुनावणी व शास्त्रज्ञांशी चर्चा या क्रमाने घटना घडल्या. हा क्रम उलट असता तर विरोध झालाच नसता असे नव्हे, परंतु त्याचे पर्यवसान गोळीबारात होण्याचा संभव कमी झाला असता. त्याच राजापूर तालुक्यात नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादन अधिसूचना २०१९ मध्ये रद्द करावी लागली व २०२३ मध्ये बारसू येथे पुन्हा संघर्ष झाला, यावरून हा प्रश्न केवळ किरणोत्सर्गाच्या भीतीचा नव्हता, हे स्पष्ट होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील कुडनकुलम केंद्रास परवानगी देताना राष्ट्रीय हित व सुरक्षिततेच्या अटी या दोहोंवर भर दिला. स्थानिक संमतीचा प्रश्न त्या निर्णयानेही मिटला नाही.

हवामानबदलाने अणुवीजेला पूर्वी नसलेले सबळ कारण मिळवून दिले आहे. त्याचबरोबर त्याने समर्थकांची जबाबदारीही वाढविली आहे. कारण वातावरणाचे रक्षण हे सर्वांचे हित असेल, तर त्याची किंमत एका खाडीकाठच्या गावांनी सोसावी, याचे समर्थन त्या गावांपुढेच करावे लागते. विरोधकांनाही अणुवीज नको तर तेवढी वीज कोठून, केव्हा व कोणाच्या जमिनीवर, हे चंद्रपूर व वणी येथील स्थिती लक्षात घेऊन सांगावे लागते. खाजगी कंपन्यांच्या प्रवेशानंतर नव्या जागांचा शोध सुरू होईल, तेव्हा जागा निश्चित होण्यापूर्वी ही चर्चा स्थानिक लोकांच्या भाषेत व संपूर्ण माहितीनिशी होते किंवा नाही, यावर महाराष्ट्रातील या वादाचे पुढील वळण अवलंबून राहील.